मार्सेलचं फिक्स चाक

वसईजवळच्या गास गावातल्या मार्सेल तुस्कानोला ओळखायचं तर त्याला दोनदा बघावं लागे, एकदा पायी आणि एकदा सायकलीवर. पायी बघणारा मनात म्हणे, हा गडी काही फार दिवसांचा सोबती नाही. उंबऱ्यापाशी आला की मार्सेलचे पाय जमिनीला चिकटत. पुढे नाही, मागे नाही. हात थरथरत, खांदे झुकत, आणि बिचारा आपल्याच पायांकडे बघत उभा राही. तोच मार्सेल सायकलीवर बसला की ताठ. कॅरिअरवर वांग्यांची पाटी, हँडलला मोगऱ्याच्या पुड्या, आणि स्वारी रस्त्याच्या कडेकडेने सुतासारखी सरळ निघे. नवखा माणूस शपथेवर सांगे की हे दोघे सख्खे भाऊ असणार.

डॉक्टरांनी या दुखण्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. गावाने त्याचा कंपवात करून टाकला. मार्सेलच्या बायकोने, रोझलीनने, डॉक्टरांना एकदा सरळ विचारलं की ज्याला चालता येत नाही तो माणूस सायकल कशी काय चालवतो. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं असं होतं खरं, मेंदूचं कोडं आहे. रोझलीनला त्या उत्तराचा रागच आला. कोडं तर तिलाही पडलेलं होतं, त्यासाठी वसईपर्यंत कशाला जायला हवं होतं?

मग तिने आपल्या परीने ते कोडं सोडवायला घेतलं. उंबऱ्यात मार्सेल अडला की ती आपलं पाऊल त्याच्या पावलापुढे आडवं ठेवी. ते ओलांडायला म्हणून त्याचा पाय उचलला जाई, आणि एकदा उचलला की पुढची दहा-बारा पावलं ठीक पडत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दिवसातून वीस वेळा नवऱ्यापुढे पाय आडवा घालणारी बाई म्हणून आळीतल्या बायका तिला चिडवत, आणि तीही हसून घेई.

बोलण्याचंही तेच झालं होतं. मार्सेलचा आवाज बारीक झाला होता आणि एकेक शब्द गोळा करायला त्याला वेळ लागे. समोरचा माणूस ताटकळू नये म्हणून रोझलीन त्याचं वाक्य पुरं करी. तो "पा..." म्हणाला की ही "पानी पायजे त्यांना" म्हणून मोकळी. शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर असायचं. उरलेल्या दहा वेळा तो नुसती मान हलवून गप्प बसे.

सायकलीची गंमत मात्र पहिल्यापासून इतकी सरळ नव्हती. आजार जडल्यावर पहिलं वर्षभर तो साध्या सायकलीवरून तीनदा पडला. पायडल मारत राहिला तोवर सगळं ठीक. पण कुणी आडवं आलं, वळण आलं, माणूस जरा पाय थांबवतो ना, तसे त्याने ते थांबवले की संपलंच. थांबलेले पाय पुन्हा हलायला तयार नसत. सायकल टिक टिक करत आपल्या वेगाने पुढे जाई, हळू होई, आणि मार्सेल तिच्यासकट कुंपणात. तिसऱ्यांदा पडला तेव्हा रोझलीनने सायकल गोठ्यात टाकली आणि वर फाटकी जाळी घातली. त्यानंतर महिनाभर मार्सेल खुर्चीत बसून होता आणि घरात कुणाशी नीट बोलत नव्हता.

उपाय काढला तो नाक्यावरच्या पांडू मिस्त्रीने. पांडूचं पंक्चरचं दुकान म्हणजे एक हवेचा पंप, एक पाण्याचं घमेलं आणि दिवसभराच्या गप्पा. तरुणपणी तो सायकलचे खेळ करत गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाबरोबर दोन वर्षं हिंडला होता. तो माणूस मैदानात सात-सात दिवस सायकलवरून न उतरता राही, तिच्यावरच जेवी, तिच्यावरच दाढी करी. त्या सायकलीचं मागचं चाक फिक्स होतं. पुढे पायडल मारलं की पुढे, उलटं मारलं की मागे, आणि पायांनी अडवून धरलं तर जागच्या जागी उभी.

"साध्या सायकलीत घोटाळा काय हाय, वयनी," पांडूने रोझलीनला समजावलं, "पाय थांबले तरी चाक फिरतं. मार्सेलचे पाय थांबले की परत सुरूच होत नायत. मग थांबूच द्यायचे नाय ना. मागच्या चाकातलं ते टिकटिक करनारं फ्रीव्हील वेल्डिंग करून एकजीव करतो. चाक फिरतंय तोवर पायडल फिरनार, पायडल फिरतंय तोवर पाय फिरनार. पाय विसरले तरी चाक विसरायचं नाय."

आणि खरंच तसं झालं. १९९८च्या दिवाळीनंतरची गोष्ट. रोझलीनने मार्सेलला पकडून सायकलीवर बसवलं, पांडूने मागून ढकललं, आणि पायांनी मनात आणलं असतं तरी त्यांना थांबता आलं नसतं. मार्सेल गावच्या मैदानाला चार फेऱ्या मारून आला. वेग कमी करायचा तर पायांनी जरा अडवून धरायचं, एवढं त्याला पहिल्याच दिवशी जमलं. उतरता येत नव्हतं, म्हणून पांडूने आणि रोझलीनने मिळून त्याला झेलला. झेलताना तिच्या लक्षात आलं की तो हसतोय, आणि त्याला हसताना आपण किती दिवसांनी बघतोय हे आठवून ती तिथेच रडली.

त्या दिवसापासून मार्सेलला पुन्हा काम मिळालं. सकाळी वाडीतली भाजी आणि फुलं बांधून रोझलीन त्याला सायकलीवर चढवून देई. मैलभरावर नाक्यावर बेटी उभी असे. बेटी त्यांची शेजारीण, रोज सकाळी माल घेऊन मुंबईच्या बाजारात जाणारी, दंडाने भक्कम. ती हँडल धरून सायकल थांबवी, पाट्या उतरवी, मार्सेलला तसाच बसता ठेवून सायकल फिरवी आणि पाठीवर एक थाप मारून परत पिटाळी. घरी अंगणात रोझलीन हात पसरून तयार. लग्नात धरला नसेल एवढा घट्ट ती त्याला रोज सकाळी धरत होती.

सायकल दिसायला काही नव्हती. काळा रंग उडालेला, एकच दातेरी चक्र, एकच साखळी, बिघडायला जागाच नाही. चार थेंब तेल घातलं की महिनाभर चिंता नको. टिकटिकसुद्धा करत नसे, त्यामुळे मार्सेल कधी जवळ आला ते कळायचं नाही आणि रस्त्यातली कुत्री दचकत. चिखलात, गर्दीत, गुरांच्या मागून तो तिला माणसाच्या चालीने नेई. एकदा आंघोळ घालताना रोझलीनने त्याला विचारलं की एवढं काय आहे त्या खटाऱ्यात. तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला, आणि त्या वेळी तरी ती थांबली. "बाकी सगळं मला न्यावं लागतं," तो म्हणाला. "ही मला नेते."

यातलं काही त्यांच्या मुलाला, नेल्सनला, माहीत नव्हतं. तो जहाजावर खलाशी होता. बेटीच्या घरी रविवारी त्याचा फोन येई तेव्हा रोझलीन सांगे, पप्पा बरे आहेत, हात जरा थरथरतो, बाकी काही नाही. खरं सांगितलं तर पोरगा नोकरी सोडून येईल ही तिची भीती होती. तो आला १९९९च्या ऑगस्टमध्ये, बावीस महिन्यांनी, दीड महिन्याच्या रजेवर. बापाला उंबऱ्यात अडलेला बघून तो गोठ्यामागे जाऊन रडला. दुसऱ्या दिवशी बापाला सायकलीवर बघून त्याच्या जिवात जीव आला.

तिसऱ्या दिवशी काहीतरी आणायला म्हणून तो तीच सायकल घेऊन निघाला. पहिल्या वळणावर सवयीने त्याने पाय थांबवले. चाक कुठलं थांबायला? पायडलने त्याची पोटरी सोलली आणि त्याला उचलून मेंदीच्या कुंपणात टाकलं. आळीतल्या पोरांना हसायला आठवडाभराची सोय झाली. नेल्सन लंगडत घरी आला तो संतापून. "आय, हिचं फ्रीव्हील जाम झालंय. एवढ्या आजारी मानसाला तुमी अशा सायकलवर पाठवता? मरतील ना ते."

"ती तशीच हाय," रोझलीन म्हणाली. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं, आणि विषय तिथेच राहिला. नंतर कितीदा तरी तिने स्वतःला विचारलं की दूध उतू गेलं तर जाऊ का दिलं नाही.

नेल्सनच्या डोक्यात मात्र ते बसलं. बापासाठी आपण काय केलं, हा प्रश्न परदेशातून आलेल्या प्रत्येक पोराला छळतो. आजार बरा करणं त्याच्या हातात नव्हतं, सायकल होती. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तो चर्चच्या आवारात टेम्पोतून एक निळी सायकल घेऊन उतरला. अठरा गिअर, जाड टायर, दोन्ही चाकांना ब्रेक. मिस्सा सुटल्यावर फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली, बेटीने हँडलला झेंडूची माळ घातली. सगळं गाव भोवती उभं होतं. बापाला खुर्चीवर बसवून नेल्सन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"पप्पा, एकदम हलकी हाय. सगळ्यात सोप्या गिअरवर लावून दिलीय. आता सारखे पाय मारायला नको. दोन पायडल मारा आनि आरामात बसा."

मार्सेलने सायकलीकडे बघितलं, मग मुलाकडे. त्याचे ओठ हलायला लागले. "नेल्सन," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. "ही... पाय..."

रोझलीनला कळलं होतं. त्याला काय म्हणायचंय ते तिच्याइतकं त्या आवारात कुणालाच कळलेलं नव्हतं. पण पोराचा चेहरा समोर होता, फादर होते, माळ होती, आणि दोन वर्षांनी घरी आलेल्या पोराने पहिल्यांदा बापाला काही आणलं होतं. तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रोजच्यासारखं त्याचं वाक्य पुरं केलं. "पाय दुखायचे नाय आता, असं म्हनतायत."

सगळे हसले. मार्सेलने मान हलवली आणि गप्प बसला.

त्या संध्याकाळी नेल्सन जुनी सायकल पांडूकडे टाकून आला, लागतील ते भाग काढून घे म्हणाला. दुसऱ्या दिवशी नेल्सन स्वतः माल पोचवायला गेला असताना रोझलीन मार्सेलजवळ बसली. "तेरा दिवस रायलेत त्याचे," ती म्हणाली. "तेरा दिवस चालवा. पाय अजिबात थांबवू नका, फिरवत राहा. तो गेला की त्याच दिवशी पांडूकडनं जुनी आनते. त्याला काय कळनार नाय." मार्सेल म्हणाला, "बरं." एवढा एकच शब्द त्याला लगेच जमला.

पांडूकडे जाऊन तिने जुनी सायकल मोडू नको म्हणून सांगितलं. पांडू घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने मान वर केली नाही. "मोडनार कशाला? पन वयनी, एक दिवस पन चालवू देऊ नका. पोराला सांगा ना. मोठा हाय, समजेल."

"समजेल," रोझलीन म्हणाली. "पन मग आयुष्यभर त्याला वाटेल, आपल्याला बापाचं कायच कळत नाय."

"वाटू दे की," पांडू म्हणाला. रोझलीन घरी आली. पुरुषांना असल्या गोष्टी कळत नाहीत, असं तिने वाटेत स्वतःला सांगितलं.

मार्सेलने नव्या सायकलीवर आठ दिवस काढले. कसे काढले ते त्यालाच ठाऊक. सोपा गिअर म्हणजे पाय भराभर फिरवायचे, आणि पायडलला वजन नाही, त्यामुळे आपले पाय चाललेत की थांबलेत हेच त्याला कळेना. घरी पोचला की अंगातला शर्ट पिळून काढावा लागे. तो तोंडाने 'नमो मरिये' म्हणत जाई आणि प्रत्येक शब्दाला एक पायडल मारी. बेटीला वाटलं म्हातारा फार देवभोळा झाला. नेल्सन रोज फाटकात उभा राहून बापाला जाताना बघे आणि आईला म्हणे, बघ, कसे पळतायत. रोझलीन संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघे.

नाक्याच्या वाटेवर एक बावखल आहे. वाडीला पाणी द्यायला पूर्वजांनी खणलेलं ते तळं सप्टेंबरात काठोकाठ भरलेलं असतं. त्याच्या काठावर, रस्त्याला लागून, दगडी क्रूस आहे. गासचा माणूस त्या क्रूसावरून जाताना खूण केल्याशिवाय पुढे जात नाही. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. मार्सेल साठ वर्षं ती करत आला होता, फिक्स चाकावरही करत होता, कारण तिथे हात काहीही करोत, पाय फिरतच राहत.

नवव्या दिवशी परत येताना काय झालं ते आळीतल्या एकट्या फ्लॉसीने बघितलं. ती पलीकडच्या काठावर कपडे धूत होती. तिने नंतर रोझलीनला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं, आणि रोझलीनने ते तिसऱ्या कुणाला सांगितलं नाही. मार्सेल क्रूसासमोर आला. त्याने हात कपाळाला नेला, छातीला नेला. तेवढ्यात पाय थांबले. सायकल टिक टिक करत पुढे निघाली. हात डाव्या खांद्यापर्यंत गेला नाही. तो खाली पायांकडे बघत होता, ओरडला नाही, काही नाही, नुसता बघत होता. सायकल हळू होत बावखलाच्या बाजूला कलली आणि तो तिच्यासकट पाण्यात गेला.

फ्लॉसी हातातलं धुणं टाकून धावली. पण बावखलाला वळसा घालून यायचं, चिखलात उतरायचं, माणसं हाकेला यायची, यात जेवढा वेळ गेला तेवढा मार्सेलजवळ नव्हता. चांगला पोहणारा माणूस छातीभर पाण्यात गेला, कारण त्याचे पाय त्याचं ऐकत नव्हते.

अंत्यविधीला सोपाऱ्यापासून माणसं आली. जो तो रोझलीनचे हात धरून एकच सांगे. क्रूसासमोर, खूण करता करताच गेला असणार, केवढा भाग्यवान, असं मरण संतांना येतं. फादरांनीही वेदीवरून तेच सांगितलं. रोझलीन पहिल्या बाकावर बसून ऐकत होती. तिला उठून सांगावंसं वाटत होतं की ती खूण पुरी झाली नव्हती. शेजारी नेल्सन रडत होता, पण फादरांचं बोलणं ऐकून त्याचा श्वास जरा सावकाश झाला. ते तिला जाणवलं आणि ती बसून राहिली. बापाला घेरी आली असावी, असं नेल्सन धरून चालला होता. डॉक्टरांनीही तसंच लिहिलं होतं. हे असंच राहू दे, एवढं एकच मागणं ती त्या दिवसांत देवाकडे मागत होती. नवरा तर गेला. पोराच्या जिवाला हा घोर नको.

नेल्सनने रजा वाढवून घेतली. आठ दिवस तो आईच्या मागे मागे हिंडला, विहिरीची मोटर दुरुस्त केली, वाडीतली पडलेली केळ टेकू देऊन उभी केली. रात्री जेवताना म्हणे, शेवटचे नऊ दिवस तरी पप्पा सुखात गेले. रोझलीन त्याच्या ताटात भात वाढी आणि हो म्हणे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो पांडूकडे गेला. निळी सायकल गावातल्या कुणाला तरी देऊन टाकावी आणि त्याआधी पांडूने तिच्यावरून एकदा हात फिरवावा, एवढंच त्याच्या मनात होतं. परत आला तेव्हा सायकल बरोबर नव्हती. रोझलीन ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. तो पायरीवर बसला, तिच्याकडे पाठ करून.

"पांडूकाकाच्या दुकानात जुनी सायकल टांगलेली हाय," तो म्हणाला. "त्याला विचारलं, अजून मोडली का नाय. आधी बोलेना. मग सगळं बोलला. फ्रीव्हील जाम नव्हतं झालं. केलं होतं."

रोझलीनचे हात कळ्यांत थांबले. पांडूने सगळं सांगितलं म्हणजे काय काय सांगितलं, हे तिला विचारता येईना.

"पप्पांना म्हाईत होतं," नेल्सन म्हणाला. "पहिल्या दिवसापासनं म्हाईत होतं की त्या सायकलवर ते पडनार. आनि बोलले नाय. मी समोर गुडघ्यावर बसलो होतो, आय. एक शब्द बोलायचा होता. नको म्हनायचं होतं. एवढं पन पोराला सांगावंसं वाटलं नाय त्यांना? मला काय समजत होते ते? परका? स्वतः गेले आनि मला आयुष्यभराचं देऊन गेले. मी त्यांना कधी माफ करनार नाय."

म्हणजे पांडूने तिचं नाव घेतलं नव्हतं. ती त्याच्या दुकानात आली होती, त्याने तिला बजावलं होतं, यातलं चकार शब्द तो बोलला नव्हता. ती आत्ता गप्प राहिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. पोरगा उद्या जाणार होता, तिचाच राहणार होता. फक्त त्याच्या मनात बाप घुमा आणि दुष्ट होऊन बसला असता. ज्या माणसाने एक अख्खं वाक्य मिळवायला एवढा घाम गाळला, तो न बोललेला म्हणून उरला असता.

"बोलत होते," रोझलीन म्हणाली.

नेल्सन वळला नाही.

"चर्चच्या आवारात. 'ही, पाय' म्हनाले, आठवतं? पुढं सांगत होते तुला. मीच मधे बोलले. पाय दुखायचे नाय म्हनून मी सांगितलं. त्यांना ते म्हनायचं नव्हतं. मला म्हाईत होतं त्यांना काय म्हनायचंय. नंतर मीच त्यांना म्हनाले, तू जाईस्तोवर तेरा दिवस चालवा. ते बरं म्हनाले. पांडूने पन मला सांगितलं होतं, नको म्हनून. माझ्यामुळं झालं ते, नेल्सन. त्यांनी तुला परका केला नाय."

रस्त्याने एक भंगारवाला ओरडत गेला. नेल्सनचे खांदे हलत नव्हते, म्हणजे तो रडत नव्हता. रडला असता तर ती उठून त्याच्याजवळ गेली असती.

"मला का नाय सांगितलं?" शेवटी त्याने विचारलं.

"तू हौसेनं आनली होतीस."

तो उठला आणि वाडीत निघून गेला. रात्री जेवायला आला, जेवला, ताट स्वतः उचललं. सकाळी रिक्षा दारात आली तेव्हा त्याच्या दोन बॅगा त्यानेच बाहेर नेल्या. घर सोडताना तो नेहमी आईपुढे मान वाकवी आणि ती अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढी. तो पाचवीला हॉस्टेलवर गेला तेव्हापासून हे कधी चुकलं नव्हतं. ती अंगणात उभी होती. तो तिच्यासमोर आला, थांबला. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा. "गुडघ्याची औषधं वेळेवर घे," तो म्हणाला आणि रिक्षात बसला.

फोन मात्र त्याचा येतो. रविवारी बेटीचा पोरगा कुंपणावरून हाक मारतो आणि रोझलीन चपला घालून जाते. नेल्सन चांगलं बोलतो. मोटर चालते का, केळी उतरवली का, गुडघा कसा आहे, सगळं विचारतो. एवढंच, की तिचं बोलणं संपलं तरी तो लगेच पुढचं बोलत नाही. समुद्रापलीकडून नुसती घरघर ऐकू येते आणि तो थांबून राहतो. पूर्वी असा नव्हता, पूर्वी तिला धड बोलूही देत नसे.

"अजून काय?" मग तो विचारतो.

तिला सांगायचं असतं की तुझ्या बापाने तुझ्यासाठी आठ दिवस शर्ट भिजेस्तोवर पाय फिरवले. सांगायचं असतं की त्या माणसाने जीव गेला तरी तुझा हिरमोड केला नाही, माझं ऐकून केला नाही. ती तोंड उघडते. शब्द जुळत नाहीत. पलीकडे तो अजून थांबलेला असतो, तिचं वाक्य पुरं करायला तो पुढे येत नाही.

"काय नाय," रोझलीन म्हणते, आणि फोन ठेवते.